पाव्हण्याची मशीन

ड्रिल मशीन चालवताना माणूस ती किती जोरानं दाबतो हे मोजून तिची मूठ किती दणकट करायची ते ठरवणं, हे माझं काम. म्हणून येरमाळ्यात शटर बसवणाऱ्या एका ढेरपोट्या माणसाच्या हातात आमची जोर मोजणारी मशीन दिली. त्यानं आधी हात पँटला पुसले, मग गुदगुल्या कराव्यात तसं भिंतीला भोक पाडलं. आकडा अगदीच किरकोळ आला.

चहा झाल्यावर त्यानं स्वतःची मशीन उचलली, मागून पोट लावलं आणि अख्खं अंग तिच्यावर टाकलं.

“मघाशी असं का नाही दाबलं?”

“ती तुमची हाय की. पाव्हण्याच्या वस्तूवर कुणी पोट टाकतंय व्हय?”

गावोगाव जमवलेल्या ज्या आकड्यांवर मी मूठ बेतणार होतो, त्यांत जोर कमी आणि भीडच जास्त होती.