पप्पांनी बळकावलेला बसचा गेम

मंडळी, आज लई डोकं फिरलंय.

लकव्यानंतर पप्पांचा उजवा हात उचलत नाय. व्यायामाचा चेंडू दिला की डाव्या हातानं पलंगाखाली फेकतात. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, म्हणून शेवटी मीच कंटाळून त्यांना एक फुकटचा, कुणी नावही न ऐकलेला बसचा गेम लावून दिला. वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील.

कसलं काय! सकाळपासून माझा मोबाइल त्यांच्याकडंच. गेममध्ये बस नुसती पुढं पळवायची असते, पप्पा मात्र प्रत्येक थांब्यावर थांबून हरतात आणि पुन्हा सुरू करतात.

"पप्पा, वाळूजच्या कंपनीतून साहेबांचा फोन येतोय, द्या ना!"

"थांब की! ती म्हातारी चढू दे आधी."

वैतागून मोबाइल ओढला, तर त्यांनी माझा हात ढकलला. उजव्या हातानं!

आता तुम्हीच सांगा, भांडू का रडू?