निळे ठिपके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा शेवटपर्यंत असंच समजत राहिला, की मी त्याचं बोलणं मुद्दाम ऐकत नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. नातीला गेल्या महिन्यात सांगितलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथे लिहिते आहे. तुमची-माझी ओळख नाही, ते एका अर्थी बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर मी पहिल्याच वाक्याला विनोद करून विषय बदलला असता.

आमच्या घरात ‘आजीचे कान’ ही एक वस्तू आहे. देव्हाऱ्यातल्या पितळी नंदीसारखी — काम काही नाही, मान मोठा. मिक्सर कुरकुरला की मला बोलावतात. पंखा घरघरला की मला त्याच्याखाली उभं करतात. मी डोळे मिटते, मान हलवते, आणि म्हणते, "बेअरिंग." नेहमी बेअरिंगच म्हणते. दहातल्या सात वेळा बरोबर येतं. या कीर्तीचं कारण म्हणजे लग्नाआधी दोन वर्षं मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात हेडफोन तपासायच्या टेबलावर होते. आलेल्या-गेलेल्याला माझा मुलगा हे सांगतो, आणि मी पदर सावरते.

तर मुक्ताची डबी. मुक्ता म्हणजे माझी नात, सतरा वर्षांची. तिच्याकडे वायरचे चांगले हेडफोन आहेत, पण नव्या फोनला वायर खुपसायला भोकच नाही. म्हणून तिने काडेपेटीएवढी एक डबी आणली. फोनमधलं गाणं हवेतून डबीत येतं आणि डबीतून वायरने कानात. पण हवेतून यायचं तर गाण्याची घडी घालावी लागते, दाबून. घडी घालायच्या पद्धतींना म्हणे कोडेक म्हणतात. आम्ही गावी जाताना वळकटी बांधायचो ना, तसं. एसबीसी म्हणजे पाय देऊन आवळलेली वळकटी, एएसी जरा सैल, आणि एलडॅक म्हणजे ऐसपैस, सगळी सतरंजी हातावर टाकून नेल्यासारखी. प्रश्न एवढाच, की कानात जाऊन उलगडल्यावर सुरकुत्या कळतात का?

मुक्ताला तेच शोधायचं होतं. तिला ध्वनिमुद्रणाच्या कोर्सला जायचंय, आणि फॉर्मसोबत स्वतः केलेला ऐकण्याचा एखादा प्रयोग लिहून द्यायचा होता. प्रयोगाला कान हवेत. घरात कान कुणाचे?

रविवारी दुपारी मला सोफ्यावर बसवलं. डबी माझ्या गाऊनच्या गळ्याला चिमट्याने लावली. मुक्ता पाठीमागे फोन घेऊन उभी. आधी तिने ओळख करून दिली — ही घट्ट घडी, ही ऐसपैस. मग म्हणाली, आता मी न सांगता बदलणार, तू ओळखायचं, दहा वेळा.

मला काही कळत नव्हतं. एक अक्षर नाही. दोन्ही वेळा तेच गाणं, तीच बाई, तीच बासरी. पण समोर बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत सोफ्यावरची एक ढब्बी आजी दिसत होती, आणि तिच्या गळ्याशी एक बारीकसा दिवा. घडी घट्ट असली की दिवा निळा, ऐसपैस असली की पांढरा.

तुम्ही काय केलं असतं?

मी डोळे बारीक केले — मिटल्यासारखे दिसावेत इतकेच — आणि दहापैकी दहा सांगितले. मधे दोनदा "थांब, परत लाव" असंही म्हटलं. कला कला म्हणतात ती हीच.

मग मुक्ता बसली. तिने डोळे खरोखरच मिटले. तिच्या बापाने फोन धरला. दहापैकी पाच. परत केलं, परत पाच. माझा मुलगा हसत म्हणाला, "सत्तरीच्या आजीला कळतं आणि तुला नाही? वाट लागली तुझ्या कोर्सची." त्याच्या मनात काही नव्हतं. पण मुक्ता एरवी असल्या बोलण्याला उलटून चावते, ती त्या दिवशी हेडफोन गुंडाळून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी कोरा फॉर्म फ्रिजवर पडलेला. मी विचारलं, तर म्हणाली, "माझे कानच खराब आहेत गं आजी. बरं झालं, आधीच कळलं."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. ह्याच सुरात.

साकीनाक्याचा तो गाळा पहिल्या मजल्यावर होता. खाली पत्रे कापायचं मशीन, वर आम्ही. वायरींना डाक देताना उठणारा राळेचा गोडसर धूर, खिडकीत चहाचे ग्लास, भिंतीला लाकडी फळ्या. तिकडे कॅसेट प्लेअरचे हेडफोन जोडले जायचे, ते पातळ पट्टीचे, कानावर नारिंगी स्पंज असलेले. जोडणाऱ्या मुली दहा-बारा, पण ऐकायच्या टेबलावर दोघीच. मी आणि हिरा.

मी म्हणजे तेव्हाची सुमी. काय ध्यान होतं ते. दोन वेण्या वर बांधलेल्या, चालताना मान अशी, की साकीनाक्याचा अख्खा रस्ता आपल्याकडे बघतोय. कुणी बघत नव्हतं. आणि या ध्यानाचा उजवा कान लहानपणीच गेलेला होता. फुटला, वाहिला, कोमट तेल घालून घालून कायमचा बंद झाला. आईने सांगून ठेवलं होतं, लग्न ठरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही.

मग बहिरी मुलगी ऐकायच्या टेबलावर कशी? तीच तर गंमत. टेबलावर कोण बसणार ते ठरवायला सगळ्या मुलींना काही नग ऐकायला दिले होते. टेपवर एक बाई आधी डाव्या बाजूला आकडे म्हणायची, मग उजव्या. मला डावीकडचेच ऐकू यायचे. म्हणून मी हेडफोन उलटा घालून टेप परत लावायची. आमचे दळवी मास्तर, म्हणजे गाळ्याचे मुकादम, लांबून बघत होते. त्यांना वाटलं, काय काटेकोर मुलगी आहे, प्रत्येक नग दोनदा ऐकते. त्याच दिवशी मला टेबल मिळालं. तेव्हापासून ‘सुमनचे कान’.

खरे कान हिराचे होते. ती माहुलची, कोळ्यांची. तिची बोली मला लिहिता येणार नाही, चुकीची लिहिण्यापेक्षा माझ्याच मराठीत लिहिते. ती नग उचलायची, एकदा ऐकायची, आणि टेप संपायच्या आत सांगायची — डावीकडे वायरचा टाका कच्चा आहे. उघडून बघितलं की कच्चाच. तिच्या कोळीवाड्यात लग्नाची गाणी तीच उचलायची. तिने सूर धरल्याशिवाय बायका तोंड उघडत नसत. कामातही गुणगुणायची. मी तिच्या डब्यातला जवळा खायची, ती माझी बटाट्याची भाजी, आणि दोघींना वाटायचं आपणच फसवलं.

तपासलेल्या नगावर रंगाचा ठिपका द्यायचा असे. माझा पिवळा, हिराचा निळा. कुणी तपासलं ते कळावं म्हणून.

मला बघायला मुलाकडचे येणार होते तो दिवस. मास्तरांनी तीनला सोडायचं कबूल केलं होतं, पण समोरचे चार ट्रे संपवून. उलटसुलट ऐकत बसले असते तर पाच वाजले असते. हिरा खाली जेवायला गेली होती. मी नग उचलले, डावीकडून ऐकले, आणि उजवी बाजू — सोडून दिली. चारही ट्रे. आणि माझा पिवळा रंग सुकला होता म्हणून हिराच्या बाटलीतला निळा घेतला.

बघा. अजूनही खोटंच लिहितेय.

रंग सुकला नव्हता. जरा दाटला होता. टर्पेंटाइनची बाटली हाताशी होती, दोन थेंब टाकले असते तर चालला असता. मी पिवळ्यात काडी बुडवली होती, काडीला रंग लागलाही होता. मग मी ती काडी पुसली आणि निळ्यात बुडवली. का? कारण हे नग न ऐकलेले आहेत हे मला माहीत होतं. इतकंच आहे. तो रंग सुकल्याचं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, की मला त्या सुकलेल्या बाटलीचं बूडसुद्धा आठवायला लागलं होतं.

ट्रे लगेच पॅकिंगला गेले. मी घरी जाऊन पोहे केले. पसंतीही आली.

तीन आठवड्यांनी माल परत आला. मास्तरांनी नग टेबलावर ओळीने मांडले. सगळे निळे. ते ओरडले नाहीत, नुसतं हिराकडे बघितलं. हिराने एक नग उचलला, कानाला लावला, आणि टेप संपायच्या आतच म्हणाली, "उजवी बाजू मेलीय." दुसरा उचलला. "ही पण." तिसरा. तिचा चेहरा कसा होत गेला ते मी समोर बसून बघत होते. आपले कान इतके स्वच्छ सांगताहेत, आणि ठिपका आपला. मग ती मास्तरांना म्हणाली, "माझ्याकडूनच सुटले."

हिच्याकडून सुटणारच नाहीत, हे त्या खोलीत एकीलाच ठाऊक होतं. ती एक जण मान खाली घालून स्पंज बसवत होती.

दुसऱ्या दिवसापासून हिराला पॅकिंगला घातलं. जिन्यात तिने मला धरलं. भांडायला नाही. म्हणाली, "सुमे, तू शेजारी बसायचीस. खरं सांग, माझे कान खराब झालेत का गं?"

एक वाक्य पुरलं असतं. काय जात होतं माझं? लग्न मोडलं असतं कदाचित. कदाचित नसतंही. मी म्हटलं, "होतं असं उन्हाळ्यात. मळ धरतो." आणि वर म्हटलं, "थोडं कोमट तेल घालून बघ."

माझ्या हळदीला ती जोगेश्वरीला आली होती. हिरवी साडी, अबोलीचा गजरा. आमच्या चाळीतल्या बायकांना मीच मोठेपणाने सांगून ठेवलं होतं, की माझी मैत्रीण काय गाते ते ऐका. सगळ्या म्हणाल्या, हिरा, तू उचल. ती मागे सरकून बसली. म्हणाली, "तुम्ही म्हणा, मी मागनं धरते. आता माझ्या कानांचा भरवसा नाही राहिला." कुणीतरी दुसरीच बाई भसाड्या आवाजात सुरू झाली. मी तोंडाला हळद माखून पाटावर बसले होते. नवरी रडली तर चालतं, कुणी कारण विचारत नाही. मी रडले.

हे सगळं फ्रिजवरचा तो कोरा फॉर्म बघताना आठवलं. दोन दिवस मी त्या फॉर्मच्या खालचा फ्रिज उघडत-मिटत होते. तिसऱ्या दिवशी मुक्ताला हाक मारली. म्हटलं, परत घे परीक्षा. डबी गळ्याला लावली, आणि कपाळावरची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली.

दहापैकी चार.

मुक्ता आधी टिकलीकडे बघत राहिली, मग टीव्हीच्या काचेकडे. तिला कळलं. मी उजव्या कानाचंही सांगितलं. हेडफोन काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, यातली एक बाजू मला लहानपणापासून ऐकू आलेली नाही.

"आजी, तू चीटर आहेस यार," ती म्हणाली. "मी रडले होते त्या पाचवर."

"माहितीय मला."

"आणि पाच म्हणजे फरक कळत नाही, एवढंच ना? बहुतेकांना कळतच नसणार."

"नसणारच. तू डोळे मिटले होतेस. तुझंच खरं."

तिने प्रयोग तसाच लिहिला — फरक ऐकू आला नाही, आणि एका आजीने दिवा बघून दहा मिळवले, म्हणून दिवा झाकावा. माझं नाव घातलं नाही, ‘वयस्कर श्रोता’ म्हटलं. फॉर्म गेला. मग हसत हसत मला विचारलं, "तू आधीपासून अशीच का गं?" मी म्हटलं, "जा, चहा ठेव."

इथे मी थांबले. हिराचं सांगितलं नाही.

हिरा मला नंतर एकदाच भेटली, घाटकोपरच्या भाजीबाजारात, दोघींचे केस पांढरे झाल्यावर. तिच्या नातवाचा हात तिच्या हातात होता. आम्ही गाळ्याच्या गप्पा मारल्या, दळवी मास्तरांची नक्कल केली, जवळा आठवून पोट धरून हसलो. ती म्हणाली, मूल लांबून हाक मारतं तेव्हा मी शेजारणीला विचारते, खरंच मारली का? आणि तेही हसून म्हणाली. अर्धा तास आम्ही तिथे उभ्या होतो. रिक्षा बोलवायला माझ्याकडे वेळ होता, कोथिंबीर निवडून घ्यायला होता.

तीन वर्षांपूर्वी ती गेल्याचं कळलं.

घरातले अजून मला पंख्याखाली उभं करतात. मुक्ता तेव्हा माझ्याकडे बघून डोळा मारते. मी "बेअरिंग" म्हणते.

ते चार ट्रे मी तपासले होते. निळे ठिपके माझे होते. हिराच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.