रविवारची घरं

सामान डिकीत ठेवलं की माझे हात आपोआप एअरपोर्टकडे वळतात. त्या शनिवारी सकाळीही वळले. जायचं होतं डॅलसजवळच्या अर्विंगच्या एका मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये, टूरची व्हॅन तिथून सुटणार होती. आणि मी बोलण्याच्या नादात एअरपोर्टच्या टोलनाक्यातून आत शिरलो आणि टर्मिनलसमोर थाटात गाडी उभी केली. हॅझर्ड लाइटसुद्धा लावले. मैत्रिणीकडे राहायला निघालेली आमची चौदा वर्षांची ईशा मागच्या सीटवरून, कानातली वायर न काढता म्हणाली, "बाबा, धिस इज डिपार्चर्स."

"हो का?"

"सो, आर वी गोइंग टु इंडिया?"

माझी बायको मंजिरी काचेतून बाहेरच्या ट्रॉल्यांकडे बघत होती. "अहो, वाइन प्यायला निघालोय ना आपण? न पिताच ही तऱ्हा, तर येताना कुठे उतरवाल कोण जाणे."

तिकडे राहिलेल्यांनी हसू नये. इकडे आलेल्यांनी तर मुळीच नये. तुम्हीही कधीतरी दूध आणायला निघून एअरपोर्टच्या लेनमध्ये गेला असाल. आम्हा लोकांना सामान घेऊन एकाच ठिकाणी जायची सवय. दोन-तीन वर्षांतून एकदा डॅलस ते मुंबई आणि पुढे नाशिक. मध्ये कुठे नुसतं हिंडायला म्हणून जावं, हे आमच्या डोक्यातच येत नाही. रजा जमवायच्या त्या तिकडच्यासाठी. ही टूर मंजिरीनं बुक केली होती, म्हणून तर निघालो. लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त होतं, पण खरं कारण मला ठाऊक होतं. आठवडाभर मी घरात पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत होतो.

झालं होतं असं, की कंपनी पुण्यात मोठं ऑफिस काढत होती आणि ते सांभाळायला मी जाईन का, असं बॉसनं विचारलं होतं. उत्तर सोमवारी हवं होतं. दोन हजार एकच्या हिवाळ्यात आम्ही आलो तेव्हा 'दोन वर्षं, मग परत' असं मी सगळ्यांना सांगून आलो होतो. ती दोन वर्षं संपतच नव्हती. अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये मी सोफा घेऊ दिला नाही, 'कशाला, जायचंच आहे.' मग डॅलसच्याच उत्तरेला फ्रिस्कोला घर घेतलं, तर झाड लावू दिलं नाही. घर घेतलं ते चालतं आणि झाड चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र, असं मंजिरीनं एकदा विचारलं होतं. मी रागावून गॅरेज आवरायला गेलो होतो.

आणि आता परतीची संधी आपल्या पायांनी चालत आली, तर मला झोप लागेना. ऑफिसातल्या सगळ्या देशी मंडळींना विचारून झालं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, ताट हातात घेऊन विचारलं. नाशिकला अण्णांना, म्हणजे वडिलांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "तुझं तू बघ." अण्णा मला कधी 'ये' म्हणाले नाहीत, 'जा'ही म्हणाले नाहीत. त्यांचं माझ्याबद्दल एकच म्हणणं, मी रजेवर घरी गेलो की पहिल्याच दिवशी येतं, "आलास तरी निघाल्यासारखाच बसतोस. टेक जरा मागे." मी खरंच खुर्चीच्या कडेवर बसतो. फ्रिस्कोतही.

ईशाला सोडून आम्ही व्हॅन गाठली. गाइड होत्या डोना, निवृत्त इतिहास-शिक्षिका, पांढरे केस, पायात काउबॉय बूट, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पहिल्या तासात त्यांनी सगळ्यांची नावं पाठ केली. माझ्या 'श्रीनिवास'चं त्यांनी 'श्री' केलं आणि मी मनातल्या मनात सत्यनारायणाच्या पत्रिकेवर जाऊन बसलो. मंजिरीचं नाव मात्र त्यांनी नीट घेतलं, कारण ते तिनं नीट शिकवलं. ती सहज बोलत होती, मधूनच 'तुम्ही सगळे'साठी इथलं 'यॉल' म्हणत होती. नोकरी करू न देणाऱ्या डिपेंडंट व्हिसावर चार वर्षं घरात बसून काढल्यावर गेली दोन वर्षं ती लायब्ररीत मुलांच्या विभागात आहे. मंगळवारी सकाळी चिमुरड्यांना गोष्टी वाचून दाखवते. ते टेक्सन इंग्लिश तिनं त्या तीन-तीन वर्षांच्या गुरूंकडून उचललंय.

दुपारी फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे पहिला द्राक्षमळा आला. मी नाशिकचा, काकांचा मळा पिंपळगावला, त्यामुळे मी जरा जाणकाराच्या थाटातच उतरलो. वेलींवर हिरवे मण्यांसारखे घड धरले होते. डोना सांगत होत्या, हिवाळ्यात वेली झोपतात, पानं टाकून नुसती खोडं उभी असतात, आणि वसंतात ताज्यातवान्या होऊन उठतात. मी म्हणालो, आमच्याकडे वेल झोपत नाही. थंडी तेवढी पडतच नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, एकदा काडीसाठी आणि एकदा फळासाठी.

"नेव्हर स्लीप्स?" डोना हळहळल्या. "पुअर थिंग. शी मस्ट बी सो टायर्ड."

वेलीची एवढी काळजी आमच्या काकांनी कधी केली नव्हती. सगळे पुढे गेले आणि मी उगाचच एका खोडाशी उभा राहिलो.

टेस्टिंग रूममध्ये व्हायचं ते झालं. काउंटरमागच्या मुलीनं बाटली तिरकी केली. ग्लास माझ्यासमोर होता, पण ती इतकी थोडी ओतणार हे दिसताच माझा उजवा तळहात खोलगट होऊन पुढे गेला, त्याखाली डावा. मुलगी थबकली. मी हात मागे घेताना, उरलेली सवय म्हणून, तो डोक्यावरूनही फिरवला. मंजिरी तोंड दाबून खांबामागे गेली. मग कळलं की ती वाइन गिळायचीही नाही, तोंडात घोळवायची आणि शेजारच्या पिकदाणीत टाकायची. दिलेलं थुंकायचं? मी सगळं गिळलं. चार मळे झाले तोवर मला जगाबद्दल फार बरं वाटायला लागलं होतं, आणि पुढे जे झालं त्याचं खापर मी बरेच दिवस त्यावर फोडत होतो.

संध्याकाळी गावात जर्मन जेवण होतं. आंबवलेला कोबी मंजिरीनं दोनदा घेतला, आणि तो किती दिवस मुरवतात ते स्वैपाकघरात जाऊन विचारून आली. मी मात्र टेबलाखाली पाय हलवत होतो. सोमवार, सोमवार.

रविवारी सकाळी डोनांनी आम्हाला गावातली ती छोटी घरं दाखवली. एक खोली, मागे जेमतेम स्वैपाकाची जागा, बाहेरून माळ्यावर जाणारा जिना. त्यांना 'संडे हाउस' म्हणतात. जर्मनीतून आलेले शेतकरी लांब रानात राहायचे. शनिवारी बैलगाडी किंवा घोडागाडी जोडून गावात यायचे, बाजार करायचे, रात्री या घरात मुक्काम, सकाळी चर्च, आणि परत रानात. आठवड्यातले बाकीचे दिवस घर बंद.

मी मंजिरीला म्हणालो, "हा आपला नाशिकचा फ्लॅट की गं!"

खरंच तसंच आहे ते. गंगापूर रोडचा फ्लॅट आम्ही इकडे आल्यावर घेतला. वर्षानुवर्षं बंद. शेजारच्या काकू अधूनमधून नळ सोडून बघतात, झुरळांचं औषध टाकतात. आम्ही जातो तेव्हा गाद्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो आणि तो जाईपर्यंत आमची निघायची वेळ होते.

डोना पुढे सांगत होत्या, म्हातारपणी शेती मुलांच्या हवाली करून नवरा-बायको कायमचे याच घरात राहायला यायचे. "दे केम होम," त्या म्हणाल्या, आणि मग सहज, शाळेत विचारतात तसं, माझ्याकडे वळल्या. "अँड व्हेअर इज होम फॉर यॉल?"

मी तोंड उघडलं. फ्रिस्को म्हणणार होतो. नाशिक म्हणणार होतो. बाहेर पडलं ते वेगळंच. "वी आर मूव्हिंग बॅक," मी खणखणीत आवाजात म्हणालो. "टु इंडिया. आय ॲम टेलिंग माय बॉस टुमॉरो."

अख्ख्या ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. एका उंच काउबॉय हॅटवाल्या काकांनी माझा हात हातात घेऊन "गुड फॉर यू, सर" म्हणत खांद्यापासून हलवला. डोनांनी डोळे पुसले. आणि मंजिरीनंही टाळ्या वाजवल्या. छान हसून, सगळ्यांबरोबर.

तेव्हा मला कळलं की आपली काहीतरी चूक झाली आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको कधी हसते आणि कधी 'हसते' हे नवऱ्याला कळतं, भले बाकी काही न कळो.

परतीच्या प्रवासात ती सगळ्यांशी बोलली. पीचची पेटी घेतली, डोनांचा ईमेल घेतला, हॅटवाल्या काकांच्या नातवाला कुठली पुस्तकं आवडतील ते सांगितलं. माझ्याशीही बोलली, पाणी हवंय का, एसी जास्त आहे का. मी काचेला डोकं टेकून बसलो होतो. बाहेरचं सपाट, पिवळं रान मागे पळत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की काल काय, आज काय, मी ते एकदाही नीट बघितलं नव्हतं. नाशिकला गेलो की फ्रिस्कोच्या लॉनला पाणी कोण घालतंय याची चिंता करतो. फ्रिस्कोत असलो की गंगापूर रोडच्या नळाची. कुठलं घर रविवारचं आणि कुठलं बाकीच्या दिवसांचं, हे त्या शेतकऱ्यांना तरी ठाऊक होतं.

अर्विंगला व्हॅन थांबली. सगळे एकमेकांना मिठ्या मारून पांगले. आम्ही आमच्या गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली नाही.

"मंजू," मी म्हणालो, "ते इंग्लिशमध्ये आपलं तोंडातून गेलं. म्हणजे माझ्या मनात असं आहे, की आपण जावं. अण्णा आहेत. ईशाचं वय आहे तोवर—"

"हे सांगणं झालं," ती म्हणाली.

"मग?"

"अहो, तुम्ही ऑफिसात विचारलंत. पॉटलकमध्ये त्या नवीन आलेल्या मुलाला विचारलंत, ज्याला अजून गॅस स्टेशनवर पेट्रोल भरता येत नाही. अण्णांना विचारलंत. मला तुम्ही सांगितलंत. येताना सांगितलंत, घर घेताना सांगितलंत, आज गाइडबाईंबरोबर मलाही सांगितलंत."

मी म्हणालो, "बरं, मग विचारतो. जायचं का आपण?"

तिनं मांडीवरची पीचची पेटी जरा सरकवली. पीचचा वास गाडीभर झाला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही हो. मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी विचारच केला नाही. उद्या बॉसला म्हणावं, थोडे दिवस थांबा, आमच्या घरात आत्ता कुठे विचार सुरू झालाय."