दाजींची सायकल

माझ्या दाजींइतका सायकलचा प्रवास केलेला माणूस अख्ख्या हवेली तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यातला जवळजवळ सगळा प्रवास त्यांनी कासारवाडीच्या स्वतःच्या खोलीत केला. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, पिंपरीच्या नव्या कारखान्यात भांडारात कारकून. मूळचे भोरकडच्या डोंगरातले. त्यांच्या गावी चाक होतं ते फक्त रहाटाला. त्यामुळे चाळिशीला टेकल्यावर त्यांनी सायकल घेतली तेव्हा ती आधी आठवडाभर भिंतीला टेकून होती. रोज हळद-कुंकू लावलं जायचं, रोज पंपाने हवा भरली जायची, आणि दाजी शेजारून चालत कामावर जायचे.

मी तेव्हा खडकीत नोकरीला होतो. रविवारी सायकलवरून चाकणला घरी जाताना कासारवाडीला चहा ठरलेला. अशाच एका रविवारी दाजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, मागनं वाईच सीट धरता का? आमी शिकून घेतो." मी हसलो. म्हणालो, "दाजी, तुमच्या मागे धावायचं माझ्याच्यानं होणार नाही. बैल जोडा." दाजीही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. पुन्हा त्यांनी ते कधी विचारलं नाही.

त्याऐवजी त्यांनी घरातच शिकायचं ठरवलं. पहिल्यांदा सायकल आढ्याला दोराने टांगली. ती पाळण्यासारखी झुलली आणि दाजींना मळमळू लागलं. मग मागचा दांडा दोन पाट्यांवर ठेवला. ते पाटे चटणीच्या वेळी आक्काला लागायचे. शेवटी पिंपळे गुरवच्या लोहाराकडून त्यांनी लोखंडी घोडा करून आणला. मागचं चाक त्यावर अधांतरी फिरायचं आणि चढाच्या वेळी ओढ बसावी म्हणून त्याला चामड्याचा जुना पट्टा घासायचा. पट्ट्याचा पेच पिळला की चढ, सैल केला की उतार. कामावरून आले की पायजम्याला क्लिपा लावून दाजी निघायचे ते थेट चाकणच्या रस्त्याला. भोसरीच्या वळणावर घंटी वाजवायचे, मोशीच्या पुलावर टोपी काढून इंद्रायणीला नमस्कार करायचे, वाटेत म्हशी आडव्या आल्या तर थांबून त्यांना जाऊ द्यायचे. चाकाच्या वाऱ्यावर आक्काची शेगडी मात्र छान पेटायची. "कुठवर आलात?" ती शेगडीपासून विचारायची. "कुरुळी गेली," दाजी घाम पुसत सांगायचे. कधीकधी तीही गाठोडं मांडीवर घेऊन कॅरिअरवर बसायची, आणि मी दारात उभा राहून पोट धरून हसायचो. घोड्यावर पाय बळकट होतात पण तोल येत नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. इतकी गंमत मोडायचं माझ्या जिवावर आलं.

दर नागपंचमीला आक्काचा मुराळी मीच. माझ्या सायकलवर डबलसीट तिला माहेरी न्यायचो. त्या वर्षी आईने अंथरूण धरलं होतं आणि तिचा एकच धोशा होता, "पंचमीला माझ्या पोरीला आण." मी निघायच्या तयारीत असताना दाजींचा निरोप आला, औंदा मुराळी नको, आक्काला मी आणतो. मी थांबायला नको होतं. पण मुराळ्याला येऊ नको म्हटल्यावर कसं जायचं, असा मान मी धरून बसलो, आणि खरं सांगायचं तर दाजी कसे येतात ते बघायची मला उत्सुकताही होती.

घरी पंचमीची पुरणाची दिंडं उकडली. आईने आक्काच्या वाट्याची झाकून ठेवायला लावली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. तिकडे दाजींनी आक्काला कॅरिअरवर बसवलं, देवाचं नाव घेतलं, आणि नाशिक रस्त्याला लागायच्या आतच दोघं रस्त्याकडेच्या चारीत गेले. आक्काचा हात मोडला. हात बरा झाला की येते, असा तिने आईला निरोप धाडला. पोळ्याच्या आधीच आई गेली.

दाजींना कोणी काही बोललं नाही. आक्का तर नाहीच. मीही बोललो नाही, कारण बोलायचं तर आधी स्वतःबद्दल बोलावं लागलं असतं. सायकल शिकायला त्या माणसाला फार तर आठ दिवस लागले असते, आणि मागे एक माणूस.

पुढच्या पंचमीला मी सकाळीच कासारवाडीला गेलो. न्यायला नव्हे, आता चाकणला वाट बघणारं कोणी नव्हतं. दार उघडंच होतं. दाजी घोड्यावरच्या सायकलीवर, आणि मागे कॅरिअरवर नवं लुगडं नेसलेली आक्का, मांडीवर गाठोडं. मोशीचा पूल आला असावा, कारण टोपी दाजींच्या हातात होती. मला बघून दोघंही ओशाळली. "ये," आक्का म्हणाली, "हे म्हणाले, जाऊन येऊ."

मला हसू आलं नाही. मी चपला काढल्या, मागे गेलो आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरला. दाजींनी टोपी घातली आणि पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने, मागे न बघता ते म्हणाले, "पाव्हणं, सोडू नका हां."

"नाही सोडत, दाजी," मी म्हणालो.