या. दर आधी ठरवावा.

“कोनाकडे आलात?”

केळवे रोडला मुंबईची गाडी थांबली की भाऊ कोटाचं वरचं बटण लावायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हेच विचारायचे. बाकीचे खोलीवाले “खोली, खोली! समुद्र अंगणात!” म्हणून बोंबलत असत. भाऊंना ते मेलं तरी जमेना. समोरचा “कुणाकडेच नाही” म्हणाला, तर हे लाजत म्हणायचे, “मग आमच्याकडे चला की.” पण बरेच लोक तिथपर्यंत थांबतच नसत. “तुम्हाला काय करायचंय?” असं एकाने त्यांना तोंडावर सुनावलं होतं. “नाय, सहज इचारलं,” म्हणून भाऊ बाजूला झाले.

मी टांगेवाला. स्टेशनापासून केळवे गावात माणसं आणि त्यांची बोचकी पोचवायची हा माझा धंदा, त्यामुळे हा तमाशा मला दोन्ही टोकांना फुकट बघायला मिळायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरी आलेल्याला ताटावरून उठू देणार नाहीत, पण स्वतःच्या हक्काचं मागायचं म्हटलं की यांची जीभ टाळ्याला चिकटते.

भाऊंची पानवेलीची वाडी होती. वेलींवर रोग पडला, सगळ्या मुळापासून कुजल्या. त्यात पोरगी लग्नाची झालेली. तेव्हा काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या. शनिवार-रविवार मुंबईकर येऊन राहिले तर पोरीचं लग्न निघेल, एवढा साधा हिशेब. काकी हुशार. निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक शहाळं द्यायच्या, म्हणजे तो आपल्या चाळीत चार जणांना सांगेल. लोक येऊ लागले, पण रविवारी संध्याकाळी पैसे घ्यायची वेळ झाली की भाऊ वाडीत गडप. काही वस्ताद मग “भाऊंना नमस्कार सांगा” म्हणून सरळ माझ्या टांग्यात बसायचे.

“तुमी तरी टांगा थांबवायचा!” काकी माझ्यावर उखडल्या.

“काकी, घोडा माझा, माणसं तुमची,” मी म्हणालो.

मग बोर्ड करायचं ठरलं. पालघरच्या पेंटरने विचारलं, काय लिहू? ‘खोल्या भाड्याने मिळतील’ हे शब्द काही भाऊंच्या तोंडातून बाहेर पडेनात. शेवटी त्यांनी नुसतं ‘या.’ असं लिहून आणलं. बोर्ड फाटकावर लागला आणि कोण कोण आलं म्हणता? पोस्टमन आला, दोन गोसावी आले, मुरब्याहून मासे विकायला आलेल्या बायका टोपल्या उतरवून चहाला बसल्या. काकींनी कपाळावर हात मारला, पेंटरला परत बोलावलं आणि खाली दुसरी ओळ घालून घेतली. आता बोर्ड असा झाला: ‘या. दर आधी ठरवावा.’

मग काकींनी नवऱ्याची शाळा घेतली. फाटकात माणूस दिसला की आधी दर सांगायचा, पाणी नंतर. भाऊ ओटीवर बसून पुटपुटत पाठ करायचे. मी हसायचो. खरंच हसण्यासारखंच होतं ते.

अशात पोरीला स्थळ आलं. मुलगा तारापूरला नव्या वीजकेंद्राच्या कामावर, आईबाप दादरला. ते बघायला येणार होते दुपारच्या गाडीने. त्याआधी बोर्ड काढून ठेवायचा, असं काकींनी बजावलं होतं, कारण पैसे घेऊन माणसं ठेवणाऱ्या घरची मुलगी म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. आणि ही मंडळी आली सकाळच्याच गाडीने! मला त्यांनी भाऊंचं घर विचारलं, मी नेहमीची गिऱ्हाइकं समजून नेऊन सोडलं.

भाऊ फाटकाशी अंगण झाडत होते. नवऱ्या मुलाच्या बापाने चष्मा वर करून बोर्ड वाचला. तो काही बोलायच्या आत भाऊंनी झाडू खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा न अडखळता धडाधड दर सांगितला. खोलीचा वेगळा, जेवणाचा वेगळा, अंघोळीला गरम पाणी पाहिजे तर त्याचा वेगळा.

तो गृहस्थ हसला. “आणि मुलगी बघायचा दर काय?”

भाऊंचा चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो. “आत या,” ते कसंबसं म्हणाले, “पानी तरी घ्या.” पोरगी ओटीच्या दारामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मंडळी आल्या पावली माझ्या टांग्यात चढली. वाटेत तो बाप तोच विनोद बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवत होता. मला लाज वाटली. माझं काही चुकलं नव्हतं, तरी वाटली. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

गावानेही सोडलं नाही. भाऊ दिसले की पोरंटोरं ओरडायची, “या! दर ठरवा!” भाऊंनी स्टेशन सोडलं. काकी स्वतः येऊन उभ्या राहू लागल्या, आणि खोल्या अशा भरल्या की विचारू नका. पोरीचं लग्न सफाळ्याच्या एका मास्तरांशी थाटात झालं. पण भाऊ पुढच्या घरात आलेच नाहीत. डोक्याला पंचा गुंडाळून मागच्या विहिरीवर गिऱ्हाइकांसाठी पाणी ओढायचे, हंडे नेऊन ठेवायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

“भाऊ, घर तुमचं आहे. ओटीवर बसा की,” मी एकदा म्हणालो.

“नको रे बाबा. कोनी दर इचारला तर?”

ते गेले श्रावणात. खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. दिवाळीनंतर गिरगावचं एक कुटुंब आलं, दर वर्षी येणारं. परत जाताना टांग्यात बाई म्हणाल्या, “तो पाणी भरणारा म्हातारा या खेपेला दिसला नाही.”

“वारले,” मी म्हणालो.

“अरेरे! चांगला होता हो गडी. निघताना दर खेपेला त्याच्या हातावर चार आणे ठेवायचो आम्ही. दोन्ही हात पुढे करून घ्यायचा.”

“गडी नव्हते,” मी म्हणालो. “घर त्यांचं होतं.”

बाईंनी हळूच विचारलं, “मग ते चार आणे त्यांनी का हो घेतले?”