रोसाच्या हातच्या टॉर्टिया

एकाच हॉटेलात तीच तीन माणसं दर शुक्रवारी जेवायला जाऊ लागली, की वर्षभरात किस्से किती साचतात, विचारू नका. आमचेही साचलेत. फक्त लोक असले किस्से हसत सांगतात आणि मला सांगताना अजून राग येतो. आमच्या कंपूत चिडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

कंपू म्हणजे जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसातले मी, शुभदा आणि पुण्याचे कुलकर्णी. हॉटेल म्हणजे एमआरटीने, इथल्या मेट्रोने, पाच स्टेशनांवरचं एक छोटं मेक्सिकन रेस्टॉरंट. तिथे पन्नाशीची रोसा मका शिजवून, दळून, हाताने थापून टॉर्टिया करायची. मालक आपलेच, सरदेसाई नावाचे. बँकेतली नोकरी सोडून यात पडलेले.

*

पहिल्याच दिवशी कुलकर्ण्यांनी टॉर्टिया बोटांत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाले, "मीनल, ही तर मक्याची भाकरी. हिच्यासाठी इतक्या लांब आणलंस?"

एवढ्यावर थांबते तर ते कुलकर्णी कसले? त्यांनी रोसाला बोलावून घेतलं आणि भाकरी कशी थापावी, हे तिला इंग्रजीतून समजावायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिठाचा एक गोळा त्यांच्या हातात दिला. कुलकर्ण्यांनी बाह्या सरसावल्या, थापलं, तव्यावर टाकलं. त्याचे तव्यावरच चार तुकडे झाले.

रोसाने त्यांची समजूत घातली. पहिली सगळ्यांचीच अशी होते, म्हणाली. "माझीही झाली होती. तेव्हा मी सहा वर्षांची होते."

*

मका आदल्या दिवशी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, हे रोसाने एकदा बोलता बोलता सांगितलं. शुभदाने हातातला घास खाली ठेवला. चुना म्हणजे आपला तोच चुना, अशी तिने तीनदा खात्री करून घेतली आणि पुढे एका घासाला हात लावला नाही. मका नंतर पाच पाण्यांनी धुतात, हजारो वर्षं असंच करतात, हे रोसा बिचारी घसा फोडून सांगत होती. भरलेलं ताट परत गेलं. रोसाचा उतरलेला चेहरा बघून माझं डोकंच फिरलं.

येताना लिटिल इंडियात उतरलो. शुभदा थेट पानवाल्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, चूना थोड़ा ज़्यादा लगाना."

*

मग आमचे साहेब. कामानिमित्त दोनदा मेक्सिकोला जाऊन आलेले, आणि ते दोनदा प्रत्येक मीटिंगमध्ये सांगणारे. एका शुक्रवारी स्वतःहून आमच्याबरोबर आले आणि सगळ्यांसाठी ऑर्डरही त्यांनीच दिली. तमाले आले. तमाले म्हणजे मक्याचं पीठ सारण भरून कणसाच्या वाळक्या पानात गुंडाळायचं आणि वाफवायचं. पान सोडायचं आणि आतलं खायचं.

साहेबांनी पानासकट तोंडात घातलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर हाताने गप्प केलं. आम्हाला शिकवत होते ना! दहा मिनिटं चावत होते. आम्ही तिघांनी मुकाट्याने आपापली पानं सोडली. ती त्यांनी पाहिलीही, पण आता माघार कशी घेणार? दुसरंही तसंच खाल्लं.

जाताना त्यांनी अभिप्रायाच्या कार्डावर लिहिलं, 'चव अस्सल. थोडं चिवट.' ते कार्ड वाचून रोसा खरंच काळजीत पडली. पीठ कुठे चुकलं, म्हणून मला विचारत होती.

*

एका रविवारी पुंगोलच्या आमच्या घरून माझ्या लेकीला, इराला, घेऊन गेले. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस गव्हाच्या टॉर्टियासाठी हटून बसला होता. मॉलमध्ये मिळते, मग इथे का नाही, असं रोसाला दरडावत होता. मी उठले आणि त्याला चांगलं सुनावलं. तो अर्ध्यातून निघून गेला. मोठ्या ऐटीत जागेवर येऊन बसले, तर इरा रोसाकडे बघत इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, auntie not angry what. Only you angry lah. Now she got one customer less."



*

यंदा मात्र हद्द झाली. सरदेसायांनी टॉर्टियाचं मशीन आणलं. टॉर्टिया एकसारख्या, काठ गुळगुळीत, चव पुठ्ठ्याची. आणि रोसा? तिला दर्शनी भागात काचेमागे बसवलेलं, अंगात भरतकामाचा झगा, डोक्यात कागदी फुलं. ती थापतेय आणि लोक फोटो काढताहेत.

मी सरदेसायांना गाठलं. तिच्या हातच्या टॉर्टिया जातात कुठे, विचारलं. कुठेच नाही, म्हणाले. थापायची, मोडायची, परत थापायची. लोकांना क्राफ्ट दिसलं पाहिजे.

"दिवसभर तोच गोळा?"

"नाही हो मॅडम. रोज ताजा देतो की."

रोसाला विचारलं, तर तिने फक्त खांदे उडवले. शुभदा म्हणाली, तिचा इथे राहायचा पास याच नोकरीवर आहे, ती काय बोलणार? आम्ही तिथे जाणं सोडलं. दुसरं करणार काय?

*

तरी दिवाळीला जावंच लागलं. सरदेसायांनी ओळखीच्या सगळ्या मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. साठेक माणसं, झब्बे, पैठण्या. सरदेसाई माइक घेऊन उभे राहिले. आपल्याकडे प्रत्येक टॉर्टिया हातची असते, आईच्या मायेची असते, असं काहीतरी इंग्रजीतून बोलले आणि काचेकडे हात केला. टाळ्या पडल्या. मी खुर्ची मागे सारली, तर कुलकर्ण्यांनी माझं मनगट धरलं.

रोसा काचेमागून बाहेर आली. इतक्या माणसांतून सरळ चालत आमच्या टेबलाशी आली. केसांतली फुलं काढून ताटाशेजारी ठेवली, रिकाम्या खुर्चीवर बसली आणि मांडीवर नॅपकिन पसरला. टाळ्या थांबल्या. सरदेसाई माइक धरून तसेच उभे.

तिने मेन्यू उघडला, सावकाश वाचला, मिटला. मग सरदेसायांकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला दोन द्या. हातच्या."