सुनेचे हात

बाटली हातात घेतली की मावशी आधी ती उलटी करायच्या. "भाऊ, फुडचं कडुलिंबाचं पान नगा दावू. मागं काय लिवलंय ते वाचा."

मलकापुरात माझं किराणा दुकान आहे. मावशी मागच्याच गल्लीत राहायच्या. मी मोबाइलची बॅटरी लावून मोहरीएवढी इंग्रजी अक्षरं वाचायचो. पुढं पान हिरवंगार, नाव ठसठशीत. ज्यानं माणसाचे हात फाटतात ते मात्र सगळ्यात बारीक. तुम्हीही एकदा वाचून बघा, डोकं फिरतं.

त्यांच्या सुनेच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं. भाकरी थापताना पिठाला डाग लागायचे. नातेवाईक म्हणायचे, सोंग करते. कराडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं, तेव्हा उलगडा झाला. माल टिकावा म्हणून घातलेलं एक रसायन तिला सोसत नव्हतं. ते भांड्यांच्या लिक्विडमध्ये होतं, शाम्पूत होतं आणि त्या भेगांवर ती रोज चोळत होती त्या 'हर्बल' क्रीममध्येसुद्धा होतं. त्याचं लांबलचक नाव मावशींनी पाठ केलं.

एकदा त्या क्रीमच्या कंपनीचा माणूस दुकानात होता. म्हणाला, "मावशी, लाखो लोक वापरतात."

"लाखांचं हात तुमी बघितलं व्हय? मी एकीचं बघितल्यात. मोठ्या अक्षरात लिवायला काय हुतं तुमास्नी?"

तो हसला. मला हसू आलं नाही. ती क्रीम मी पुन्हा दुकानात ठेवली नाही.

उंब्रजला मावशींच्या नात्यातल्या बारशाला शेजारी म्हणून मीही गेलो होतो. जेवणं झाल्यावर मावशींच्या जावेनं सगळ्यांदेखत सुनेपुढं भांड्यांचा ढीग आणि लिक्विडची बाटली सरकवली. "सोंग पुरं झालं, घास आता."

मावशी उठल्या. पदर खोचून स्वतः नळाखाली बसल्या. "पोरीच्या हातातनं रगात आलं तवा कुणी ईचारलं न्हाई. भांडी पडली तवा बरी आठवली."

जाऊ आत निघून गेली.

घरातल्या बाटल्या बदलल्या, तसे सुनेचे हात हळूहळू भरून आले.

गेल्या उन्हाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. शेवटची अंघोळ घालायला बायका जमल्या, त्यात माझी बायकोही होती. ती सांगते, तीच जाऊ सुनेला म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे बाई, तुला तरास हुतो." सुनेनं ऐकलं नाही. साबण तिनं कोणाला लावूच दिला नाही. नुसत्या कोमट पाण्यानं, उघड्या हातांनी, ती सासूचं एकेक बोट धूत राहिली.